ऑपरेशनची तारीख घेण्याआधी : मिशेरी, पेज आणि घाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती आता खेड्यातल्या मोबाइलवरही येतात. त्यांत किती किलो उतरले ते सांगितलेले असते. तारखेच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत घरात काय करायचे, याचा उल्लेख नसतो. हे पत्र त्या महिन्यांबद्दल आहे, आणि त्यातही वाईट काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, किंवा अजून पुरत्या न पडलेल्या माणसांबद्दल. घरचा कर्ता माणूस गेला, मुंबईची नोकरी सुटली, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुपारीची बाग आडवी झाली, २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातले दुकान गेले. अशा दिवसांत झोप मोडते, जेवणाची वेळ राहत नाही आणि वजन चढत जाते. मग साखर, गुडघे, घोरणे मागे लागते आणि कोणीतरी म्हणते, ‘ऑपरेशन करून मोकळी हो.’ शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. तिने एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास, ‘बायपास’मध्ये (जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया; हृदयाची बायपास नव्हे) त्याहून थोडे जास्त, वजन उतरते आणि मधुमेह पुष्कळ आटोक्यात येतो. पण तिची तारीख रुग्णालयाच्या सोयीने न घेता आपल्या घराची घडी बसल्यावर घ्यावी, एवढे आमचे म्हणणे आहे.

आधी वजन का वाढले ते शोधा. थायरॉइडची तपासणी सगळेच सांगतात. औषधांची यादी मात्र कोणी वाचत नाही. दुःखाच्या काळात झोपेसाठी किंवा मनासाठी सुरू झालेली मिर्टाझापिन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट ही औषधे वजन वाढवतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड तर वाढवतातच, आणि त्यांत नाव नसलेल्या पुड्याही आल्या. यातले काहीही आपणहून बंद करायचे नाही. पण औषध बदलून पाच-सात किलो आपोआप उतरणार असतील, तर ते ऑपरेशनच्या आधी कळलेले बरे.

कोणाला ही शस्त्रक्रिया लागते, हे बीएमआयवरून ठरते : किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आपल्या लोकांत पोटावरची चरबी लवकर त्रास देते, म्हणून आशियाई माणसांसाठी रेषा खाली धरतात. ३५ च्या पुढे इतर आजार नसला तरी, ३० च्या पुढे मधुमेह-रक्तदाबासारखे आजार असल्यास, आणि मधुमेह औषधांनी आवरतच नसेल तर २७.५ पासूनही विचार होतो. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा ३५ चा आकडा साधारण ८४ किलोला येतो.

विम्याची रेषा मात्र वेगळी आहे आणि घोटाळा तिथेच होतो. विमा नियामकाच्या ठरावीक कलमाप्रमाणे वय १८ पूर्ण हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा, साधे उपाय करून झालेले हवेत, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ ते ४० च्या मध्ये असाल तर हृदयाच्या स्नायूचा लठ्ठपणामुळे झालेला विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा न आवरणारा मधुमेह यांपैकी काहीतरी कागदावर असावे लागते. म्हणजे डॉक्टर ‘करा’ म्हणतात आणि कंपनी ‘नाही’ म्हणते, असे सहज होते. आकडा गाठण्यासाठी मुद्दाम वजन वाढवणारे लोक असतात. त्याने यकृत आणखी सुजते आणि भूल अवघड होते. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत वजन, उंची आणि आधी केलेले उपाय तारखेसह लिहून घ्या आणि कंपनीकडून मंजुरी लेखी घ्या. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ संपला आहे का तेही पाहा. सरकारी योजनेचा लाभ मिळतो का, ते त्या रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारायचे, एजंटाला नाही. आणि वादळाचे किंवा दुकानाचे कर्ज अजून फिटत असेल, तर त्यावर व्याजाने दुसरे कर्ज काढू नका. ऑपरेशननंतर जन्मभर जीवनसत्त्वे, कॅल्शियम, लोह आणि दरवर्षी रक्ततपासण्या लागतात. त्याचा महिन्याचा खर्च आधी विचारून ठेवा. तो झेपत नाही म्हणून वर्षभरात गोळ्या सोडल्या की बी-१२ आणि लोह घसरते, मग हातापायांना मुंग्या येतात आणि जिना चढताना धाप लागते.

आता मनाचे. घरातली मोठी माणसे ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू’ म्हणतात. त्यांचे कारण निराळे असले तरी थोडे थांबण्याचा सल्ला वावगा नाही. मात्र किती महिने थांबायचे याचा एकच आकडा नसतो. आम्ही पाहतो ते हे : गेले तीन महिने झोप बऱ्यापैकी लागते का, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत का, मनाच्या औषधांचा डोस तोच आहे का, आणि रडू येते तेव्हा हात आपोआप डब्याकडे जातो का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ऑपरेशनने जठर लहान होते, भुकेचे संप्रेरक कमी होते. पण रात्री अकराला एकटेपणाने शेव-चिवड्याचा डबा उघडणारा हात तोच राहतो. लहान जठरातही आइस्क्रीम, गोड चहा, फरसाण हळूहळू जातेच. म्हणून दोन आठवडे वही ठेवा : वेळ, काय खाल्ले, आणि तेव्हा भूक होती की मन भरून आले होते. समुपदेशकाला ही वही हजार प्रश्नांपेक्षा जास्त सांगते.

नैराश्यावर उपचार चालू असणे हा अडथळा नाही. उपचार न घेतलेले नैराश्य, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, न सुटलेली दारू असेल तर मात्र तारीख पुढे ढकलावी. शस्त्रक्रियेनंतरच्या काही वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचा धोका वाढलेला आढळतो, आणि आधीच खचलेल्या माणसाला तो जास्त असतो. मनाच्या गोळ्यांचे शोषण बायपासनंतर कमी-जास्त होते. लिथियमची रक्तातली पातळी धोकादायक चढू शकते. ‘एसआर’, ‘एक्सआर’ लिहिलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आधीच बदलून घ्याव्या लागतात. त्या कुटून खायच्या नाहीत. यासाठी मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी सर्जनपर्यंत पोहोचली पाहिजे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ती गोळी लपवली जाते आणि गडबड तिथूनच सुरू होते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग आहे, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

दारूबद्दल थोडक्यात. बायपासनंतर दारू झपाट्याने रक्तात चढते. पूर्वी दोन पेल्यांत व्हायचे ते एकात होते, आणि व्यसन लागण्याचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढतो. नोकरी गेल्यावर माडी-फेणी रोजची झाली असेल तर ती सुटून काही महिने जाऊ द्या.

मिशेरीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ती कागदावर येतच नाही. अर्जावर प्रश्न असतो, ‘धूम्रपान करता का?’ आमच्याकडची बाई ‘नाही’ सांगते, आणि ते खरेही असते. ती विडी ओढत नाही. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू दातांना लावते. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणावर, रात्री निजताना. घरात माणूस गेल्यावर तीनाची पाच वेळा होते. निकोटिन तेच. जठराच्या टाक्यांचा रक्तपुरवठा त्याने आवळला जातो, टाके उशिरा भरतात, बायपासच्या जोडाजवळ अल्सर होतो आणि तो फुटूही शकतो. म्हणून ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी मिशेरी, गुटखा, तंबाखू-चुना, विडी सगळे बंद, आणि पुढे कायमचे बंद. सोडताना अडते ते पोटावरून. मिशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी असते, कारण निकोटिन आतड्याला चालना देते. पहिले पंधरा दिवस रात्री इसबगोल, सकाळी दोन पेले कोमट पाणी, आणि मिशेरीचा डबा घराबाहेर. नुसता फडताळात वर ठेवून भागत नाही. दातांना सवय म्हणून काहीतरी लागतेच. साधी पेस्ट आणि ब्रश, तेवढ्याच वेळा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. याच वेळी दातही दाखवून घ्या. किडलेल्या, हलणाऱ्या दातांनी पुढे घास बारीक चावता येत नाही आणि न चावलेला घास लहान जठरात अडकतो.

तपासण्यांची यादी रुग्णालय देतेच : हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, तीन महिन्यांची साखर, यकृत, मूत्रपिंड, ईसीजी, इको, सोनोग्राफी. दोन तपासण्या टाळू नका. एक, जठराची दुर्बीण. तीव्र आम्लपित्त किंवा छातीत जळजळ असेल तर ‘स्लीव्ह’ने (जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करतात त्या शस्त्रक्रियेने) ती वाढते, मग बायपासचा विचार होतो. हेलिकोबॅक्टर जंतू सापडला तर आधी त्यावर उपचार. दुसरी, झोपेची तपासणी. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबणे, दिवसा पेंगणे ही लक्षणे असली तर सीपॅप यंत्र (हवेच्या दाबाने झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारे) काही आठवडे आधी लावून सवय करावी लागते आणि ते रुग्णालयात बरोबर न्यावे लागते. पावसाळ्यात आपल्याकडे रात्र-रात्र वीज नसते, तेव्हा यंत्र घेतानाच इन्व्हर्टरचे बघा.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे यकृत आक्रसवण्याचा आहार असतो. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो चरबीने सुजलेला असला की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत उचलता येत नाही, त्यातून रक्तस्राव होतो, कधी पोट उघडावे लागते, कधी काम अर्धवट सोडून परत यावे लागते. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी आणि ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, असे याचे गणित. पिष्टमय पदार्थ कमी केले की यकृतातला साखरेचा साठा आणि त्याच्याबरोबरचे पाणी आधी उतरते. कोकणातल्या घरात हे असे बसते : सकाळी दोन उकडलेली अंडी, दिवसभरात ३०० मिली बिनसायीचे दूध किंवा त्याचे ताक, दुपारी साफ केलेला दीडशे ग्रॅम बांगडा किंवा दुसरी मासळी तव्यावर चमचाभर तेलात, सोबत पालेभाजी, संध्याकाळी ३० ग्रॅम कुळथाच्या पिठाची पातळ पिठी, रात्री ५० ग्रॅम पनीर आणि दुधी किंवा पडवळ. साधारण ६४ ग्रॅम प्रथिने होतात. भात नाही, भाकरी नाही, घावणे नाही. नारळही नाही, आणि लोक अडतात ते इथे. अर्धी वाटी ओले खोबरे म्हणजे सुमारे दीडशे कॅलरी, हे वाटणात दिसत नाही. मासळी तिरफळ, कोकम, लसूण, मिरचीवर करता येते. सोलकढीऐवजी कोकमाचे आगळ पाण्यात. अमृतकोकम चालणार नाही, ते साखरेचे पाणी आहे. शाकाहारी घरात मासळीच्या जागी सोया आणि पनीर वाढवायचे. या पंधरवड्यात उपास आला तर साबुदाणा-वरीवर राहू नका.

मधुमेह असलेल्यांनी हा आहार डॉक्टरांना न सांगता सुरू करायचाच नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस तोच ठेवून जेवण निम्मे केले तर साखर एकदम खाली येते, कधी पहाटे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ऑपरेशनआधी किमान तीन दिवस बंद कराव्या लागतात, आणि कमी खाण्याच्या काळात त्या आणखी आधी थांबवायच्या का ते विचारायचे. त्यांनी रक्तात आम्ल साठते आणि साखरेचा आकडा बरा दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. साखर-वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचे आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा. त्याने अन्न जठरात जास्त वेळ राहते आणि उपाशीपोटीही भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर पहिली गडबड करते ती पेज. आपल्याकडे आजारी माणसाला पेज, बाळंतिणीला पेज, तापात पेज; मायेने कोणीतरी दिवसात चार वेळा आणून देते. पातळ आहार म्हणून ती पथ्यात बसतेही. पण पेजेत प्रथिने नावालाच आणि पॉलिशच्या तांदळात थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) जवळजवळ नसते. उकड्या तांदळात थोडे टिकते, पण तेवढ्याने भागत नाही. पहिल्या दोन महिन्यांत उलट्या लागल्या आणि पोटात फक्त पेज असली, तर थायमिन दोन-तीन आठवड्यांत संपते. डोळ्यांपुढे एकाची दोन दिसणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा ही त्याची चिन्हे. मेंदूला झालेली ही इजा कधीकधी भरूनच येत नाही. त्यामुळे पेज बंद करू नका, तिच्यात भर घाला : दूध, वस्त्रगाळ मूगडाळीचे कढण, सांगितलेली प्रथिनांची पूड. आणि स्वयंपाक करणाऱ्या सासूला किंवा जावेला आहारतज्ज्ञाच्या भेटीला बरोबर न्या. कागद रुग्णाच्या हातात असतो आणि पळी दुसऱ्याच्या.

सवयीचा सराव चार आठवडे आधी सुरू करायचा. आपण भात कालवणात कालवून जवळजवळ गिळतो. पुढे घास वीस वेळा चावावा लागतो, आणि जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी नाही. पाणी पिण्यासाठी खोकल्याच्या औषधाचे १५ मिलीचे टोपण घ्या. दोन टोपणे, दर पाव तासाने, चौदा तास. हिशेब साधारण १७०० मिलीचा होतो. सोपे वाटते, पण एप्रिल-मेच्या घामात हे जमत नाही, आणि घरी गेलेला रुग्ण परत दाखल होण्याचे एक नेहमीचे कारण पाणी कमी पडणे हेच आहे.

म्हणून तारीख. ऑपरेशन मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात होणार आणि राहणे देवगड, राजापूर, गुहागरला. टाके गळण्याचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत जास्त. रुग्णालयातून दोन-तीन दिवसांत सोडतात. पण सात ते दहा दिवस रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर, नातेवाइकाकडे राहण्याची सोय करूनच जा. मुंबईला चाकरमानी भाऊ असतोच, त्याची खोली उपयोगी पडावी ती अशा वेळी. पावसाळ्यात करूळ, आंबोली, आंबा, कुंभार्ली या घाटांत दरड कधी येईल सांगता येत नाही आणि रेल्वेचे पावसाळी वेळापत्रकही संथ असते. गणपतीच्या आधी तर नकोच : गाड्या भरलेल्या, घरात मोदक, आणि पाहुण्यांची उठबस करणारी बाईच रुग्ण. आमच्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी बरे. परतीचा प्रवास लांबचा असेल तर दर तासाला उतरून पाच मिनिटे चाला. पायात रक्ताच्या गुठळ्या होतात त्या बसून राहिल्याने. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने घरी चालू ठेवायची असतील तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रातली कोणती परिचारिका देणार, हे आधी बोलून ठेवा.

रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, त्याचे नाव ठरलेले हवे. ‘आहेत की सगळे’ हे उत्तर नाही. नवरा मुंबईला आणि मुलगा हॉस्टेलवर असतो. करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर अजून घरात असेल, त्यावर नाडीचा आकडा दिसतो. शांत बसलेले असताना नाडी १२० च्या वर राहिली, ताप १००.४ च्या वर गेला, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखू लागले, दम लागला, यांतले काहीही झाले तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा-लिंबू न घेता १०८ ला फोन आणि सर्जनला फोन.

मूल होण्याच्या आशेने वजन उतरवणाऱ्या बायकांनी एक लक्षात ठेवावे : वजन उतरताच दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले १२ ते १८ महिने गर्भारपण टाळायचे असते आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा दुसरा उपाय आधीच ठरवा.

शेवटची वस्तू म्हणजे एक जाड कागदाचे कार्ड. गावातल्या डॉक्टरांना पोटात काय केले आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते पाकिटात किंवा मंगळसूत्राच्या डबीत न ठेवता मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा, तिथे ते सापडते. त्यावर मराठीत आणि डॉक्टरांच्या भाषेतही लिहून घ्या : ऑपरेशनचे नाव आणि तारीख, सर्जनचा क्रमांक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांची गोळी-इंजेक्शन नको, पॅरासिटामॉल चालेल, सर्जनला विचारल्याशिवाय नाकातून जठरात नळी घालू नये, उलट्या चालू असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यावे.

आपले,
लठ्ठपणा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीचे काम करणारे आहारतज्ज्ञ, परिचारिका व समुपदेशक
(रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हा)